सुनंदामावशी पार्सल उघडून बघतात

सुनंदामावशींच्या स्वयंपाकघरात स्टीलचा एकही डबा नव्हता. मराठी घरात हे जरा विचित्रच वाटायचं. पोहे, साखर, तिखट, गोडा मसाला, सगळं काचेच्या बरण्यांत नाहीतर आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यांत. सुनेनं माहेरून आणलेले चकचकीत स्टीलचे डबे त्यांनी गोड बोलून हलवले होते. सिंगापूरच्या पुंगोल भागातल्या त्या नव्या फ्लॅटांत जाड लोखंडी दाराचं एक बाँब शेल्टर असतं आणि सगळे ते अडगळीसाठीच वापरतात. डबे तिथे, जुन्या सूटकेसच्या मागे पडून होते.

"आत काय आहे ते दिसलं पाहिजे," मावशी म्हणायच्या. मला वाटायचं, म्हातारपणी नजर अधू झाली की असं होत असेल.

त्यांच्याबद्दल लिहायचं असं मी बरेच दिवस ठरवतेय. नीट जमेल की नाही, माहीत नाही. मी काही त्यांच्या नात्यातली नाही. सिंगापूरला शिकायला आले तेव्हा आमच्या घरातलं कॉलेजची पायरी चढलेलं मी पहिलंच माणूस होते. स्कॉलरशिप मिळाली म्हणून आले, नाहीतर वडिलांच्या शिलाई मशीनच्या जोरावर जालन्याच्या पुढे येणं अवघडच होतं. पहिल्याच वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत मी एका कोपऱ्यात रिकामी थाळी घेऊन उभी होते. आजूबाजूला पुण्या-मुंबईची माणसं, बँकेतली, आयटीमधली. कुणाशी काय बोलावं ते कळेना. तेवढ्यात एक उंच, सडपातळ बाई समोर आल्या. सुती साडी, पायांत पळायचे बूट.

"नाव काय तुझं?"

"रेखा."

"पूर्ण विचारलं."

"रेखा दत्तात्रय शिंदे."

"वडील काय करतात?"

थाळी दुसऱ्या हातात घेत मी म्हणाले, "शिंपी आहेत."

"अरे वा! माझ्या ब्लाउजकडे बघ आणि सांग, हा शिंपी लबाड होता की नाही?"

मी बघितलं. बाही खरंच तिरकी लावली होती. मी तसं सांगितलं, तर त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की आरतीच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "रविवारी जेवायला यायचं," म्हणाल्या. मग पुढे मी शिकत होते तोवर बहुतेक रविवारी जातच राहिले.

पूर्ण नाव विचारायची त्यांना सवयच होती. घराजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, टेबलं पुसणाऱ्या म्हाताऱ्या चिनी बाईंना सगळे 'आंटी' म्हणतात. मावशींना मात्र त्यांचं नाव, त्यांच्या मुलीचं नाव आणि मुलीच्या गुडघ्याचं दुखणं, सगळं माहीत होतं. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे गप्पा मस्त चालायच्या. समीरदादा, म्हणजे मावशींचा मुलगा, वैतागायचा. "आई, इथे कुणी कुणाला असं विचारत नाही." मावशी म्हणायच्या, "मग कुणीतरी सुरुवात करायला हवी ना."

स्वयंपाक मात्र त्यांचा सुमारच होता. पोळ्या जाड, आमटी पातळ, आणि सगळं ढीगभर. घरात माणसं चार आणि भात पंगतीला पुरेल एवढा. समीरदादाची बायको, मृणालवहिनी, फ्रीज उघडून कपाळाला हात लावायच्या. "अहो आई, कोण येणार आहे जेवायला?"

"मला कमी माणसांचा अंदाजच येत नाही गं," मावशी म्हणायच्या आणि उरलेला भात शेजारच्या मलय कुटुंबाकडे पाठवायच्या. पोळ्या लाटताना त्या शीळ घालायच्या, कसलीतरी जुनी इंग्रजी गाणी, अगदी सुरात. साडी नेसलेली आजी शीळ घालते याचं ईराला फार अप्रूप. ईरा म्हणजे त्यांची सहा वर्षांची नात. आजी घरी असली की ती दुसऱ्या कुणाकडे राहायचीच नाही. आई-बाबा कामाला गेले की शाळेची बस, आंघोळ, अभ्यास, झोपाळा, सगळं आजीचं. वहिनी एकदा मला म्हणाल्या होत्या, "माझी सगळी नोकरी आईंच्या खांद्यावर उभी आहे."

मावशी फोटोत कधी यायच्या नाहीत. मंडळाच्या कार्यक्रमात फोटोची वेळ आली की मोबाईल आपल्या हातात घ्यायच्या. "मी काढते, मला छान येतो." त्यांना अजिबात छान यायचा नाही. मंडळाच्या कित्येक फोटोंत माणसांची डोकी नाहीत, ती त्यांची करामत.

दुसऱ्या वर्षी मी इतिहासाचा एक विषय घेतला होता, साठ-सत्तरच्या दशकातल्या तरुणांच्या चळवळी. अमेरिका, जर्मनी, जपान. युद्धाविरुद्ध रस्त्यावर उतरलेली पोरं, त्यांतलीच काही पुढे भूमिगत झाली, त्यांनी बाँब लावले, बँका लुटल्या. मला निबंध लिहायचा होता आणि खरं सांगायचं तर मी भारावून गेले होते. माझ्याच वयाची माणसं, लांब केस, चामड्याचे कोट, डोळ्यांत काहीतरी पेटलेलं. फोटो फार देखणे होते. एका रविवारी मावशी मटार सोलत होत्या. घरात आम्ही दोघीच होतो, बाकीचे ईराला पोहायला घेऊन गेले होते. मी लॅपटॉप त्यांच्यासमोर धरला.

"बघा ना मावशी, किती धाडसी होते हे लोक."

त्यांनी चष्मा लावून एकेक फोटो नीट बघितला. मग विचारलं, "आणि ह्यांच्या बाँबनं मेले त्यांचे फोटो कुठायत?"

मी शोधल्यासारखं केलं. माझ्याकडे नव्हते.

"नसतातच," त्या म्हणाल्या. "ते दिसायला साधे असतात."

मग मटार सोलता सोलता त्यांनी मला जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत लिहायचा प्रयत्न करते.

"आमच्या गावात सूतगिरणी होती. मी कॉलेजात होते. आमचा एक गट होता. नाव वगैरे काही नाही, आम्हाला नावाचीसुद्धा घाई नव्हती. त्यात दोन प्रकारची पोरं. काही केस वाढवलेली, गिटार वाजवणारी, शीळ मी त्यांच्याकडूनच शिकले. आणि काही केस बारीक कापलेली, सारखी पुस्तकं वाचणारी. सिगारेट दोन्हीकडची ओढायची. मीही ओढायचे, तुझ्या आईला सांगू नकोस. आम्ही गिरणीच्या चाळीत संध्याकाळी वर्ग घ्यायचो. पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवायचो. ते दिवस चांगले होते, रेखा. खरंच चांगले होते.

"मग संप झाला, गिरणी बंद पडली. लोक उपाशी राहायला लागले. आमच्यातले बारीक केसवाले म्हणायला लागले, तिकडे जर्मनीत, जपानात पोरं काय काय करतायत आणि आपण अक्षरं गिरवतोय. आम्हाला लाज वाटायला लागली. अक्षरं गिरवण्याची लाज! मग गटात नियम झाले. प्रत्येकाला दुसरं नाव. खरं नाव विचारायचं नाही. दिलेली वस्तू पोचवायची, आत काय ते विचारायचं नाही.

"एकदा मला पिशवी दिली. आत स्टीलचा डबा. म्हणाले, पत्रकं आहेत, गिरणीच्या ऑफिसात बाकाखाली ठेवून ये, ऑफिस बंदच आहे. मी पिशवी उचलली." शेंग हातात तशीच राहिली. "कागदाचं वजन वेगळं असतं गं. हाताला कळतं. माझ्या हाताला कळलं होतं. पण विचारायचं नाही, हा नियम. मला त्या नियमाचा अभिमान होता."

ऑफिस बंद होतं हे खरं. पण हरिभाऊ नावाचा माणूस, तिथे पाणी भरायचा, तोही संपावरच होता, तो मागच्या दारानं आत आला होता. साठलेला पगार कधी मिळेल ते कुणी सांगेल का बघायला. तो आत असतानाच डब्यातला बाँब फुटला. त्याच्या पाटीवरचं पहिलं अक्षर मावशींनीच गिरवून घेतलं होतं.

"चार दिवस जगला तो," मावशी म्हणाल्या. "मी पाचव्या दिवशी आपणहून पोलिसात गेले. पोरांना वाटलं मी फितूर झाले. पोलिसांना वाटलं मी वेडी आहे. तुरुंगात मला स्वयंपाकघरात टाकलं. तिथे शिकले मी पोळ्या."

आता मला तो ढीगभर भात कळला.

"समीरच्या वडिलांना सगळं माहीत होतं. त्यांनी माहीत असून लग्न केलं. समीरला तो मोठा झाल्यावर आम्ही सांगितलं. पण त्याच्या लग्नात तो म्हणाला, आई, मृणालला नको. आणि मी गप्प बसले." त्यांनी सोललेले मटार उगाचच हातानं सारखे केले. "तिला कळलं तर ती ईराला माझ्यापाशी ठेवेल का, सांग. मी तिच्या जागी असते तर ठेवलं असतं का, तेसुद्धा मला सांगता येत नाही. बाकी मला आता कशाची भीती नाही."

मी माझा निबंध पुन्हा पहिल्यापासून लिहिला. फार चांगला झाला नाही. त्याबद्दल इथे आणखी काही सांगण्यासारखं नाही.

त्यानंतरच्या वर्षी मावशी महिनाभर पुण्याला जायच्या होत्या. आपल्या लोकांत कुणी भारतात निघालं की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. बातमी पसरते आणि पार्सलं यायला लागतात. कुणाच्या वडिलांच्या गोळ्या, कुणाच्या भावाला मोबाईल, कुणाला बाम, कुणाला चॉकलेटं. नाही म्हणणं वाईट दिसतं आणि उघडून बघणं त्याहून वाईट. मावशी नाही कधीच म्हणायच्या नाहीत. पण प्रत्येक पार्सल देणाऱ्याच्या समोर उघडायच्या. मंडळात याची चेष्टा चालायची. "सुनंदाकाकूंचं कस्टम चांगी विमानतळाच्या आधी लागतं," असं एक काका म्हणायचे. लोकांनी ते हळूहळू स्वीकारलं होतं.

त्या रविवारी वहिनींच्या ऑफिसमधल्या वरिष्ठ आल्या. त्यांना आपण वैशालीमॅडम म्हणू. त्या पहिल्यांदाच घरी येत होत्या. वहिनींनी सकाळपासून घर आवरलं होतं, नवे पडदे लावले होते. मॅडमनी रिबीन बांधलेला एक सुंदर खोका मावशींच्या हातात दिला.

"भाचीच्या लग्नासाठी आहे. नुसती चॉकलेट्स. पुण्यात तिचा भाऊ येऊन घेऊन जाईल."

मावशींनी खोका हातात तोलला. मग कात्री घेतली.

"आई!" वहिनी हसत पण घाईनं म्हणाल्या. "अहो, ते गिफ्ट पॅक केलंय."

"परत बांधते ना. ह्याच्यापेक्षा छान बांधते."

रिबीन सुटली. वर चॉकलेटं होती. चॉकलेटांच्या खाली लाल मखमलीची पिशवी आणि पिशवीत सोन्याच्या बांगड्या, चांगल्या जाड. मावशींनी त्या एकेक करून टेबलावर ठेवल्या.

"अहो, तुम्हाला उगाच टेन्शन नको म्हणून बोलले नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही ज्येष्ठ, साडीतल्या. तुम्हाला कस्टममध्ये कोण अडवतंय?"

"अडवलं असतं तर मी काय सांगितलं असतं? चॉकलेटं." मावशींचा आवाज अगदी साधा होता. "चॉकलेटं मी नेते हो. बांगड्या तुम्ही जाल तेव्हा तुम्ही न्या."

"मृणाल, मला वाटलं होतं तुमच्या घरी आपल्या माणसांवर विश्वास आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांनी बांगड्या पर्समध्ये टाकल्या आणि चहा न घेताच निघाल्या. लिफ्टपर्यंत वहिनी 'सॉरी, सॉरी' करत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"आई, माझं प्रमोशन त्या बाईच्या हातात आहे! एक खोका, फक्त एक खोका न उघडता नेला असता तर काय आकाश कोसळलं असतं?"

"मृणाल, जाऊ दे ना," समीरदादा म्हणाला.

"नाही जाऊ देणार. मला उत्तर हवंय. काय झालं असतं?"

मावशींनी दादाकडे बघितलं. तो मान हलवून नको नको म्हणत होता. मग त्या माझ्याकडे वळल्या. "रेखा, ईराला खाली झोपाळ्यावर घेऊन जा. मी बोलावते."

मी ईराला घेऊन खाली गेले. ती खूष होती, कारण ती वेळ गृहपाठाची होती. मी तिला झोके देत राहिले आणि वर बघायचं टाळत राहिले. बऱ्याच वेळानं मावशींचा फोन आला. वर गेलो तर दार वहिनींनीच उघडलं. त्यांनी माझ्या हातातून ईराचा हात घेतला आणि तिला आतल्या खोलीत नेऊन दार लावलं. मावशी सिंकपाशी उभ्या होत्या, तांदूळ धूत.

"सांगितलं," एवढंच म्हणाल्या.

आठवडाभरात ईराचं नाव शाळेनंतरच्या केअर सेंटरमध्ये घातलं गेलं. आरडाओरडा झाला नाही. वहिनी 'अहो आई' म्हणायच्या, ताट वाढायच्या, औषधाची आठवण करायच्या. पण मावशी आणि ईरा एका खोलीत असल्या की वहिनी काहीतरी काम काढून तिथे येऊन बसायच्या. ईरा आजीच्या मांडीवर डोकं ठेवायची आणि वहिनींचे डोळे तिथून हलायचे नाहीत. मावशींना ते कळत होतं. त्या हात गादीवर टेकून बसायच्या, ईराच्या केसांतून फिरवायच्या नाहीत.

मग त्या पुण्याला गेल्या. महिना झाला, दुसरा गेला, तिसराही लागला. दादा फोनवर सांगायचा, "जरा विश्रांती घे, इथे फार उकडतंय." सिंगापूरला कधी उकडत नाही?

मी एकदा ईराच्या वाढदिवसाला गेले होते. केक वगैरे झाल्यावर ती मैत्रिणींबरोबर खाली पळाली आणि दादाही मागोमाग गेला. वहिनींनी मला थेट विचारलं, "तुला आधीपासून माहीत होतं ना?"

"हो."

"तू तुझी मुलगी ठेवली असतीस त्यांच्याकडे?"

मी म्हणाले, "मला सांगता येत नाही, वहिनी. मला मूल नाही. पण मी त्यांच्याकडे दर रविवारी येत होते. ते कळल्यावरही येत राहिले."

वहिनी कागदी प्लेटा गोळा करत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "मला तो बाँब समजू शकतो, अगं. म्हणजे समजू शकत नाही, पण ती पोर होती, आणि तिनं शिक्षा भोगली. पण ह्या बाईंनी इतकी वर्षं जगाचे डबे उघडून बघितले. आणि मला मात्र घरात डबा बंदच दिला."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी मावशींच्या बाजूनं काही बोलावं म्हणून शब्द शोधत होते, ते सगळे गळून गेले. पुढच्या रविवारी मी भीत भीत मावशींना फोन केला आणि वहिनी काय म्हणाल्या ते सांगून टाकलं.

"बरोबर आहे तिचं," मावशी म्हणाल्या. "अगदी बरोबर आहे. पुन्हा विचारायचं नाही, सांगायचं नाही. मी तोच नियम घरात आणला की गं."

त्यांनी वहिनींना काय लिहिलं, काय बोलल्या, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. पण त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी त्यांच्याकडे असताना वहिनींनी माझ्यासमोरच पुण्याला फोन लावला. पाठ माझ्याकडे होती.

"आई, तिकीट काढलंय. एक अट आहे. ईराला तुम्ही स्वतः सांगायचं. ती विचारण्याइतकी मोठी झाली की. समीर नाही, मी नाही, तुम्ही. आणि तेव्हा ती जे म्हणेल ते ऐकून घ्यायचं. ती म्हणाली, मला तुमच्याशी बोलायचं नाही, तरी."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. वहिनींनी नाक पुसलं. "हो. आणि जरा कमी सामान आणा. फ्रीजमध्ये जागा नाहीये."

मावशी आल्या. केअर सेंटर लगेच सुटलं नाही. आधी फक्त शनिवारची दुपार आजीकडे, मग बुधवारही. वहिनी अजूनही येऊन बसायच्याच, पण आता मधूनच विचारायच्या. "आई, तुरुंगात बायका भांडायच्या का हो?" किंवा "हरिभाऊंच्या घरी कोण होतं?" मावशी सगळं सांगायच्या. काही टाळायच्या नाहीत. हरिभाऊंची मुलगी आता नर्स आहे आणि तिनं मावशींना दारातूनच परत पाठवलं होतं, तेसुद्धा त्यांनी सांगितलं. वहिनींनी विचारलं, "मग तुम्ही काय केलंत?" मावशी म्हणाल्या, "परत आले. तिचा दरवाजा तिचा आहे."

माझी परीक्षा संपली, हैदराबादला नोकरी लागली. निघण्याआधीच्या रविवारी निरोप घ्यायला गेले तर घराला कुलूप होतं. वहिनींनी मेसेज केला, 'वॉटरवेवर आहोत, तिकडेच ये.' पुंगोलच्या इमारतींमागून ते पाणी वाहतं आणि कडेनं सायकलींची, चालणाऱ्यांची वाट आहे. मी छोट्या पुलावर आले आणि तिथून मला ते दिसले, म्हणून थांबले.

समीरदादा लांब कुठेतरी सायकल भाड्यानं घ्यायच्या रांगेत होता. मावशी आणि ईरा अगदी पाण्याच्या कडेशी उकिडव्या बसल्या होत्या. ईरा काहीतरी विचारत होती, दोन्ही हात हलवून, आणि मावशी डोकं तिच्याजवळ नेऊन ऐकत होत्या. ईरा पुढे वाकली, तसा मावशींनी तिच्या फ्रॉकचा मागचा भाग मुठीत घट्ट धरला. मी वहिनींना शोधलं. त्या वरच्या बाकावर होत्या, दोघींकडे पाठ करून. चपला काढलेल्या, पाय वर घेतलेले, मान बाकाच्या पाठीवर टाकलेली. जवळ जाऊन बघितलं तेव्हा कळलं, त्यांना झोप लागली होती.